अगाफ्या दुत्किना आणि दोन तोंडांचं तळं

अगाफ्या माझ्या काकाची मुलगी. वयानं माझ्याहून लहान, पण हुकूम पहिल्यापासून तिचाच. उंची बेताची, रेनडिअरवर बसून बसून पाय थोडे फेंगडे झालेले, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडचा कळप चरता चरता मान वर करायचा. सैबेरियाच्या उत्तरेत रेनडिअर पाळणाऱ्या आम्हा इव्हेन लोकांत बायकांनी एवढ्या मोठ्यानं बोलायची पद्धत नाही. हे तिला कुणी सांगितलं नाही, की सांगितलेलं तिच्या कानात शिरलं नाही, कोण जाणे. केलेल्या कामाबद्दल लाजून मान खाली घालणंही तिला जमायचं नाही. "मी केलंय आणि चांगलं केलंय," असं सरळ सांगायची, आणि चहाचा पेला पुढे करायची.

आम्ही दोघी कोलिमा नदीच्या काठावरच्या शाळेत एकत्र होतो. हिवाळाभर वसतिगृह, उन्हाळ्यात आईबापांकडे टुंड्रात. वर्गाच्या भिंतीवर एक नकाशा टांगलेला होता. त्यात कोलिमा जाड निळी, अलाझेया जाड निळी, आणि मधला आमचा मुलूख जवळजवळ कोरा. त्या कोऱ्या जागेतून एकच बारीक निळी रेघ निघाली होती, तीही तुटक तुटक.

"बाई, ही रेघ अशी तुटलेली का?" अगाफ्यानं विचारलं.

ग्लाफिरा सेम्योनोव्ना आमच्या भूगोलाच्या बाई. फार लांबून, पश्चिमेकडून आलेल्या, पण आमच्याबरोबर बसून गोठलेला मासा तासून खायला शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "तिकडे जाऊन अजून कुणी मोजलेलं नाही. अंदाजानं काढलीय. अंदाजाची रेघ तुटक काढतात."

"कुणी गेलं नाही कसं? ती न्योबाती आहे! माझी आई आत्ता तिथं मासे वाळत घालत असेल!"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांनी तिला खाली बसवलं नाही. म्हणाल्या, "मग असं कर. मोठी हो, मोजायला शीक आणि जोडून टाक ती रेघ. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते, मला वाहत्या पाण्यात उभंसुद्धा राहता येत नाही."

बाकीची पोरं तासाची घंटा झाल्यावर हे विसरली. अगाफ्या विसरली नाही.

शाळा संपली तेव्हा याकुत्स्कला मोजणीचं शिक्षण देणाऱ्या विद्यालयात तिनं नाव घातलं. गव्रीलकाकाला हे कळलं ते तिनं नाव घातल्यावर. त्याचा कळप मोठा, हाताखाली माणसं थोडी, आणि अगाफ्यासारखा फास टाकणारी दुसरी मुलगी आमच्या भागात नव्हती. पळत्या रेनडिअरच्या शिंगांत लांबून फास टाकायचा आणि तो टाकताना बोलायचंसुद्धा थांबायचं नाही, अशी तिची तऱ्हा. आमच्याकडे त्या चामडी दोरीच्या फासाला मावुत म्हणतात.

"नदी कागदावर काढली नाही म्हणून ती वाहायची थांबणार आहे का?" काका म्हणाला.

"तुम्ही रेनडिअरच्या कानाला खूण करता ना, बाबा? नाही केली तर तो चरायचा थांबतो का?"

"चरतो. पण दुसरा कुणीतरी आपला म्हणून हाकून नेतो."

"मग?" अगाफ्या म्हणाली.

काकानं पाइप भरायला घेतला. शेवटी तिच्या आईनंच नवे बूट पुढ्यात आणून ठेवले. रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचे, वर मण्यांची नक्षी. म्हणाली, "शहरात पाय गारठतात म्हणे." तेच त्या दोघींचं शेवटचं भेटणं. अगाफ्या शिकत असतानाच तिची आई छातीच्या दुखण्यानं गेली. बातमी याकुत्स्कला पोचेपर्यंत न्योबातीच्या काठावर, उंचवट्याच्या जागी, तिला पुरून झालं होतं.

शिकून परत आली ती मोजणीदार होऊन, पण पहिले काही उन्हाळे तिच्या हातात दुर्बीण आलीच नाही. दुसऱ्यांनी दुर्बिणीतून बघायचं आणि हिनं समोर आकड्यांची काठी धरून चिखलात उभं राहायचं. तुकडीचे प्रमुख होते मार्क येफीमोविच गुर्येव. शिस्तीचे, कमी बोलणारे, अन्यायी मुळीच नव्हेत. ही दर आठवड्याला त्यांच्या तंबूत जाऊन विचारायची, "मला माझं शीट कधी?" ते म्हणायचे, "काठी हलतेय तुझी." मग ही बाहेर येऊन तणतणायची, "वारा हलवतो! मी नाही हलत!"

पण एका वसंतात त्यांनी स्वतःच तिला बोलावलं आणि नकाशाचं एक अख्खं शीट तिच्या नावावर केलं. न्योबातीचा वरचा भाग, उगमापर्यंत. "तुझा मुलूख आहे म्हणून देत नाहीये," ते म्हणाले. "गेल्या दोन वर्षांत काठी हलली नाही म्हणून देतोय."

तिच्या पथकात आम्ही तिघं. ती स्वतः, सामान वाहणारे रेनडिअर सांभाळायला मी, आणि काठी धरायला प्रोकोपी नावाचा याकूत माणूस. प्रोकोपी सडपातळ, लांब मानेचा, तिरकस बोलणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "अगाफ्या गव्रीलोव्ना, मी सरळ उभा राहीन, पण डासांची हमी देत नाही. ते मला उचलून नेतील तर नकाशात तसं दाखवा."

काम म्हणजे काय, तर विमानातून काढलेले फोटो आमच्या हातात द्यायचे आणि सांगायचं, यातलं काय खरं ते जमिनीवर जाऊन बघा. दोन फोटो शेजारी मांडून तिच्या भिंगांतून पाहिलं की जमीन उठून उभी राहायची. मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा किंचाळलेच, कड्यावरून खाली पडतेय असं वाटलं. पण विमानाला नदीची खोली कळत नाही. पाणी किती जोरात वाहतं, तळ वाळूचा की चिखलाचा, उतार कुठं, रेनडिअर पार होतील कुठून, काठ किती उंच, हे सगळं पायी जाऊन बघावं लागतं. आणि आमच्या टुंड्रात तर जमीन इतकी सपाट की ओढ्यात वाळकं गवत टाकलं तर ते वाऱ्याबरोबर जातंय की पाण्याबरोबर, कळत नाही. तळ्याला तळं लागून. वरून बघाल तर कुणीतरी आरसा आपटून फोडलाय असं वाटेल.

अगाफ्या छातीपर्यंतच्या पाण्यात उतरून खोली घ्यायची. बाहेर आली की ओले कपडे पिळायच्या आधी आकडा लिहायची. लोकांना विचारून प्रत्येक ओढ्याचं आमच्या भाषेतलं नाव घ्यायची. एकदा प्रोकोपीनं एका बिननावाच्या ओढ्याला आपलं नाव सुचवलं. ती म्हणाली, "तो वाहतो, तू नुसता उभा असतोस."

ऑगस्टमध्ये काकाचा कळप समुद्राकडून परत फिरला आणि आमच्या तळावरून गेला. त्या दिवशी गुर्येवही काम तपासायला आलेले होते. एक सांगायला हवं, त्या काळी हे नकाशे गुप्त असत. शीट नळकांड्यात बंद, नळकांड्याला सील, आणि परक्या माणसाला दाखवायची सक्त मनाई. काका तंबूत आला, चहा घेतला, आणि तिपाईवरच्या फळीवर ताणून लावलेल्या कागदाकडे बघत राहिला. अगाफ्यानं गुर्येवांकडे पाहिलं. गुर्येव उठले, "पाऊस येतोय का बघतो," म्हणाले आणि बाहेर गेले. आभाळ स्वच्छ होतं.

"बाबा, ही न्योबाती," अगाफ्या म्हणाली.

काकानं हात कपड्याला पुसला आणि एक बोट रेघेवर ठेवलं. ते बोट तो फार हळू सरकवत गेला. प्रत्येक वळणाला थांबायचा, ओठ हलवायचा. इथं लांडग्यांनी कळप फोडला होता, इथं उस्तिन्या जन्मली. उस्तिन्या म्हणजे मी. एका ठिकाणी, वळणाच्या आतल्या बाजूला, एक बारीकशी खूण होती.

"हे काय?"

"एकटी कबर असेल तर ती नकाशात दाखवतात," अगाफ्या म्हणाली. एरवी चढा असणारा तिचा आवाज तेव्हा अगदी खाली आला होता. "दुरून दिसते म्हणून. वाट चुकलेल्याला खूण होते. मी नियमानंच दाखवलीय, बाबा, आपली म्हणून नाही."

काकानं बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाला, "बूट ठेवलेस का तिचे?"

"घालून झिजवले. त्यांवरच तर इथपर्यंत आले."

"बरं केलंस," काका म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं कळपातला एक धष्टपुष्ट रेनडिअर निवडला आणि त्या संध्याकाळी आमच्या तळावर मोठ्या भांड्यात मांस शिजलं. गुर्येवांना जीभ वाढली, ती आमच्यात मानाच्या पाहुण्याला देतात. जाताना काका कळपाच्या माणसांना ओरडून सांगत होता, "हळू हाका रे! माझी पोरगी मोजतेय!" जणू काही कळपानं पाय आपटले तर नदी हलणार होती.

एवढं झालं तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं काम. पण न्योबातीचा उगम राहिला होता, आणि खरी गंमत तिथं होती.

नदी एका मोठ्या बिननावाच्या तळ्यातून निघत होती. अगाफ्यानं तळ्याच्या पश्चिमेच्या तोंडाशी पातळी मोजली, ओढ्यात मोजली, पुन्हा मोजली. पाणी पश्चिमेला, न्योबातीत जात होतं. पण पूर्वेचं शेजारचं शीट आधीच मंजूर होऊन गेलेलं. त्यावर तेच तळं होतं आणि पाणी निघत होतं पूर्वेला, दुसऱ्याच नदीकडे. दोन शीटं शेजारी ठेवली की कडा जुळल्या पाहिजेत, हा त्या कामातला पहिला नियम. इथं कडा जुळत होत्या, पाणी जुळत नव्हतं.

पूर्वेचं शीट होतं किरील नझारोविच शुबिनचं. तिच्याच वयाचा मोजणीदार, लालसर दाढी, हट्टी, कामाला चोख. हिवाळ्यात कचेरीत दोघांची गाठ पडली. मी तेव्हा रेनडिअरची कातडी पोचवायला गेले होते, म्हणून सगळं या कानांनी ऐकलं.

"मी स्वतः त्या ओढ्यात उभा होतो," किरील म्हणाला. "गुडघ्याच्या वर पाणी. पूर्वेला वाहत होतं."

"मीही उभी होते. पश्चिमेला वाहत होतं. तुझा पूर्वेचा ओढा म्हणतोस तिथं तर नुसती दलदल होती, दलदलीतली पिवळी क्लाउडबेरी फळं खाल्ली मी तिथं बसून!"

"मग तू चुकीच्या जागी बसली असशील."

"मी? चुकीच्या जागी? अरे, माझ्या बापाचा कळप तिथंच..."

"बापाचं काढू नकोस, पातळीचं बोल."

गुर्येवांनी दोघांची कागदपत्रं समोर घेतली, चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "आकडे दोघांचेही बरोबर आहेत. म्हणजे आपल्याला तळं कळलेलं नाही. किरील, तू गेलास कधी?"

"जूनमध्ये."

"आणि तू?"

"ऑगस्ट संपताना."

"मग जूनमध्ये जा. दोघं मिळून जा. आणि भांडायचंय ते वाटेत भांडून घ्या, तिथं पोचल्यावर मोजा."

जूनमध्ये टुंड्रात जायचं म्हणजे काय ते आमच्या लोकांना माहीत आहे. बर्फ वरून घट्ट, खालून पाणी. स्लेज रुतते, होडी चालत नाही, रेनडिअर पोटापर्यंत बुडतात. सूर्य मावळतच नाही, म्हणून थांबायचं कधी हेही कळत नाही. मी, अगाफ्या, किरील आणि प्रोकोपी निघालो. वाटेत दोघं इतकी भांडली की प्रोकोपी मला म्हणाला, "उस्तिन्या, आपण दोघं पुढे जाऊन तळंच पिऊन टाकू. कटकट मिटेल."

तळ्यावर पोचलो तर किरीलचं खरं! तळं काठोकाठ भरलेलं, आणि पूर्वेला सखल जागेवरून स्वच्छ, जोमदार ओढा वाहत होता. मी गेल्या उन्हाळ्यात जिथं क्लाउडबेरी खुडल्या तिथं गुडघ्याच्या वर पाणी. किरील त्यात जाऊन उभा राहिला आणि नुसता हसला. अगाफ्याचा चेहरा बघवत नव्हता. पण तिनं तिपाई लावली, मोजलं, आणि तोंडानं म्हणाली, "पूर्वेला वाहतंय. तुझं बरोबर आहे." ते तीन शब्द तिला किती जड गेले असतील, ते मलाच ठाऊक.

मग ती पश्चिमेच्या तोंडाकडे चालत गेली. तिथं ओढाच नव्हता. टेकाडाच्या आडोशाला हिवाळाभर वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ साचून दोन्ही काठांच्या मधली जागा भरून गेली होती. घट्ट, करडा बर्फ, जणू बूच मारलेलं. ती त्यावर चढली, कान लावला, खाली उतरली.

"किरील, इथं ये. हे बघ. माझी वाट बंद आहे म्हणून पाणी तुझ्याकडे येतंय. हे बूच उडेल तेव्हा बघ."

"उडेल तेव्हा ना? मग उडू दे. आपण थांबू," किरील म्हणाला. आता त्यालाही उत्सुकता लागली होती.

आम्ही उंचावर तंबू टाकला आणि थांबलो. वाळवलेला मासा, चहा, आणि दर थोड्या वेळानं पाण्याची उंची. पाणी चढत होतं. बुचाचा रंग करड्याचा निळसर झाला. एके दिवशी दुपारी जेवण चाललेलं असताना किरील उठला. त्याला बुचाच्या खालच्या बाजूला एक काठी रोवायची होती, पाणी येईल तेव्हा किती चढतं ते कळावं म्हणून. अगाफ्या ओरडली, "नंतर जा! आत्ता बर्फ बोलतोय!" खरंच आतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. तो म्हणाला, "रोवली की आलोच." आणि उतरला.

काठी रोवली त्यानं. वळला. तेवढ्यात बूच फुटलं.

मोठा धडाका वगैरे झाला नाही. आधी नुसता एक सुस्कारा, मग बर्फाचा मधला भाग खचला, आणि त्यातून तळं बाहेर आलं. पाणी नव्हे, बर्फाच्या लगद्याची भिंत. किरील दोन पावलं धावला आणि तिसऱ्याला दिसेनासा झाला. मग त्याची लाल दाढी वर आली, हात वर आले, आणि तो आमच्या समोरून न्योबातीकडे निघाला.

मी नुसती उभी. प्रोकोपी हातातली काठी घेऊन काठाकडे धावला, पण काठी पोचेना. अगाफ्या धावली ती आमच्या रेनडिअरकडे. मावुत खोगिरावरून ओढून काढला आणि काठाच्या कडेनं पाण्याच्या पुढे जाण्यासाठी पळत सुटली. ते फेंगडे पाय त्या दिवशी असे पळाले की मी पुन्हा तसे पाहिले नाहीत. एका उंच जागी थांबली, दोरी डोक्यावर फिरवली, आणि ओरडली, "हात वर कर, मूर्खा! शिंगासारखे वर कर!"

त्यानं हात वर केले. फास त्याच्या डोक्यावरून, एका हातावरून खाली उतरून काखेत आवळला. दोरी ताणली तशी तीही ओढली गेली, गुडघ्यांवर आली, पण सोडली नाही. तोवर आम्ही दोघं पोचलो होतो. तिघांनी मिळून त्याला काठावर ओढलं, अगदी जाळ्यातल्या माशासारखं. ओठ निळे, एक बूट गेलेला, दाढीत बर्फ. त्याला तंबूत नेऊन कातड्यांत गुंडाळलं, गरम चहा पाजला. दात कडाकडा वाजत होते. पहिलं वाक्य काय बोलावं त्यानं?

"पश्चिमेला वाहतंय. लिहून घे."

अगाफ्या तेव्हा रडली. हसतही होती. आणि लगेच दुर्बीण उचलून बाहेर गेली, कारण पाणी उतरायच्या आत मोजायचं होतं. तळं खाली जाऊ लागलं, आणि पुढच्या काही दिवसांत पूर्वेचा ओढा बारीक होत होत आटून गेला. किरील पांघरूण घेऊन त्या ओढ्याच्या काठावर जाऊन बसायचा. प्रोकोपी त्याला म्हणायचा, "किरील नझारोविच, दुखवट्याला बसलात का?"

याकुत्स्कच्या कचेरीत नकाशे तपासणाऱ्या बाई होत्या, त्यांनी दोघांना समोर बसवलं. एका तळ्याला दोन तोंडं, एक एका नदीत, दुसरं दुसऱ्याच नदीत, आणि दुसरं फक्त वसंतात वाहणारं. त्यांनी विचारलं, "पश्चिमेच्या ओढ्याबद्दल तुमची नक्की खात्री आहे?"

किरील म्हणाला, "मी त्यातूनच वाहत आलो, बाई."

दोन्ही ओढे नकाशात आले. पश्चिमेचा अखंड रेघेनं, पूर्वेचा तुटक, कारण वर्षातून थोडेच दिवस वाहणारं पाणी तसंच दाखवतात. आणि तळ्याला नाव नव्हतं, ते दोघांनी मिळून दिलं. मावुत. नाव कुठून आलं हे कचेरीत कुणी विचारलं नाही. आमच्या गावात मात्र वर्षभर तेच चाललं होतं. "शिंगं नसलेला धरला म्हणे अगाफ्यानं!" "कानाला खूण केली का गं?" म्हाताऱ्या तर तिला उघडच विचारायच्या, आता पकडलाच आहेस तर लग्न कधी? ती म्हणायची, "एका तळ्यावर दोन तोंडं पुरे झाली, एका घरात नकोत."

लग्न तिनं केलं प्रोकोपीशी. आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "इतकी वर्षं मी त्याच्याकडे दुर्बिणीतून बघतेय. एकदाही वाकडा उभा राहिला नाही." किरील त्यांच्या लग्नाला याकुत्स्कहून आला, नवरदेवाला मावुत भेट दिला आणि म्हणाला, "हा तिच्या हाताला लागू देऊ नकोस."

पुढे ती स्वतः तुकडीची प्रमुख झाली. याना नदीपासून चुकोत्काच्या सीमेपर्यंत किती नद्या, किती ओढे तिच्या पायाखालून गेले, त्याचा हिशेब तिनंही ठेवला नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी आता स्वतः आज्या झाल्यात. नकाशे गुप्तच राहिले. त्यामुळे गव्रीलकाका गेला तेव्हा छापलेला नकाशा त्यानं पाहिलेला नव्हता. पण कुठल्याही तळावर परका माणूस आला की सांगायचा, "माझी मुलगी नद्या लिहिते." काढते नाही म्हणायचा तो, लिहिते म्हणायचा. काळ बदलला, नकाशे उघडे झाले, दुकानात मिळू लागले. प्रोकोपी ते बघण्यापुरता जगला, एक शीट विकत आणून बायकोसमोर ठेवलं, म्हणाला, "आता तरी दाखव, मी कुठं उभा होतो."

काही वर्षांपूर्वी तुयारा नावाची एक मुलगी आमच्याकडे आली. नद्यांचाच अभ्यास करणारी, याकूत, बोलायला गोड. चहा झाल्यावर तिनं चाचरत सांगितलं, "अगाफ्या गव्रीलोव्ना, मावुत तळं राहिलं नाही. खालची गोठलेली जमीन वितळली, काठ खचला, सगळं पाणी निघून गेलं. आम्ही हेलिकॉप्टरनं जाणार आहोत. तुम्हाला सांगावं की नाही, कळत नव्हतं."

मला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं पेला खाली ठेवला. "हेलिकॉप्टरमध्ये किती जण बसतात?"

"पण तुमचं वय..."

"वय मी विचारलं नाही. उस्तिन्यासुद्धा येईल. तिला उंचावर भीती वाटते, पण ती ओरडली तरी आत ऐकू येत नाही म्हणे."

गेलो आम्ही. वरून पाहिलं तर तळ्याच्या जागी एक मोठा करडा वाडगा, मधे हिरवी लव, काठाशी चिखलाला तडे. उत्तरेला काठ फोडून नवाच ओढा निघाला होता. अगाफ्या खिडकीला नाक लावून बसली होती. पायलटनं टेकाडावर उतरवलं. ती काठी टेकत रिकाम्या तळ्यात उतरली, वाकून चिखल हातात घेतला, बोटांनी चोळून बघितला.

तुयारा तिच्याजवळ गेली. "तुमचे दोन्ही ओढे आता नकाशातून काढावे लागतील. मला फार वाईट वाटतंय."

"वाईट कशाचं? होते तेव्हा काढले. नाहीत आता, पुसून टाक. नसलेलं पाणी नकाशात ठेवलं तर माझ्या नावाला बट्टा लागेल." मग तिनं काठी उत्तरेकडे रोखली आणि आवाज असा चढला की टेकाडावरच्या पायलटनं मान वर केली. "हा नवा मात्र नीट बघायचा! कुठून निघतो, किती खोल, तळ कसला. तुझं ते आभाळाशी बोलणारं यंत्र घे आणि चल, मुखापर्यंत जायचंय."

मुखापर्यंत काही गेलो नाही, पण बरंच गेलो. ती काठावरून, तुयारा पाण्यातून, मी मागून दोघींचे जादा कपडे घेऊन. खोली तुयारा सांगायची, अगाफ्या पुन्हा घ्यायला लावायची. तिसऱ्यांदा घ्यायला लावली तेव्हा पोरगी हसत म्हणाली, "आजी, पाणी तेच आहे!" "तेच आहे ना? मग तेच येऊ दे पुन्हा," अगाफ्या म्हणाली.

परतताना तुयारानं विचारलं, नव्या नकाशाखाली मोजणी करणाऱ्याचं नाव घालतात, तिथं काय लिहू?

"तुझं लिही. पाण्यात तू होतीस." अगाफ्या दोन पावलं चालली आणि थांबली. "त्याखाली माझं. आणि बारीक अक्षरात नको, सगळ्यांना चष्मे नसतात."

हेलिकॉप्टरची पाती फिरू लागली होती. पायलटनं हात पुढे करून आधी तिला वर घेतलं, आणि तिनं आत बसल्या बसल्या त्याला सांगायला सुरुवात केली, की येताना तो जरा जास्तच पूर्वेकडून आला होता.